ॲलन लुईसच्या कागदांवर पीएचडीला पैसे देताना नीरा-करंज्याकडंही बघा : एक खुलं पत्र

प्रति,
ब्रिटनची आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज रिसर्च कौन्सिल, नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्स आणि वेल्समधल्या विद्यापीठांचे इंग्रजी विभाग

सप्रेम नमस्कार,

मी पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते, माहेर नीरा नदीच्या काठचं. पत्र मराठीत लिहितेय कारण जे मागायचंय त्यात मराठी हाच मोठा भाग आहे, आणि हे इथल्या लोकांनीही वाचावं, त्यांनी त्यात भर घालावी अशी मनापासून इच्छा आहे.

विषय आहे ॲलन लुईस, आणि मागणं हे की त्याच्या हस्तलिखितांवर पीएचडीला पैसे देताना मराठी आणि हा मुलूख जाणणाऱ्यांनाही त्यात जागा द्या. तुम्हाला तो माहीतच आहे पण इथल्या वाचकांसाठी थोडं सांगते. हा वेल्सचा इंग्रजीत लिहिणारा कवी, जन्म १ जुलै १९१५, ॲबरडेअरजवळच्या कुमामन गावात, कोळशाच्या खाणींच्या दरीत. वडील मास्तर, पण घराणं खाणकामगारांचं. पोरगा हुशार, स्कॉलरशिप मिळवून काउब्रिजच्या शाळेत गेला, मग ॲबरिस्टविथच्या विद्यापीठात इतिहासात फर्स्ट क्लास, मग मँचेस्टरला एमए. युद्ध त्याला मनातून पटत नव्हतं तरी १९४० मध्ये फौजेत गेला, पुढं साउथ वेल्स बॉर्डरर्सच्या सहाव्या बटालियनमध्ये अधिकारी झाला, जिच्यातले बरेचसे जवान त्याच्यासारखेच खाणींच्या दऱ्यांतले. १९४२ मध्ये पहिला कवितासंग्रह आणि पहिला कथासंग्रह आला, त्याच वर्षाच्या अखेरीला बोटीनं मुंबई, आणि तिथून थेट नीरा. हो, आपलंच नीरा, पुणे-सातारा हद्दीवरचं, तेव्हाच्या मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या मीटरगेज लाइनवरचं. ५ मार्च १९४४ ला ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवर स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरच्या गोळीनं तो गेला, अठ्ठावीस वर्षांचा होता. फौजेच्या चौकशीत अपघात ठरला, बऱ्याच जणांना ते पटलेलं नाही, आणि त्यावर भरपूर लिहून झालंय म्हणून मी त्यात जात नाही. त्याचा दुसरा संग्रह १९४५ मध्ये रॉबर्ट ग्रेव्हजच्या प्रस्तावनेसह आला आणि त्यातल्या कितीतरी कविता आपल्याकडच्या आहेत, म्हणजे नुसत्या 'भारतातल्या' नाहीत तर पुणे जिल्ह्यातल्या. 'द मराठा घाट्स', 'करंजे व्हिलेज', 'इन हॉस्पिटल : पूना', 'व्हिलेज फ्युनरल : महाराष्ट्र'. नावं वाचूनच कळतं.

त्याची हस्तलिखितं ॲबरिस्टविथच्या टेकडीवर नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समध्ये आहेत, ज्या गावात तो शिकला तिथंच. त्यावर काम झालंच नाही असं अजिबात नाही. जॉन पिकूलिस यांचं १९८४ चं चरित्र आहे, पत्रं छापली गेलीत, बायको ग्वेनोला लिहिलेली आणि निलगिरीत कुन्नूरला भेटलेल्या फ्रेडा आयक्रॉइडला लिहिलेलीसुद्धा. त्याचं प्रेम, त्याची खिन्नता, त्याचं मरण हे सगळं वाचून झालंय. माझ्या वाचनात जे आलं नाही ते असं की तो ज्या जमिनीवर उभा राहून लिहीत होता ती जमीन ओळखणाऱ्या कुणी ते कागद हातात घेतलेत.

एक उदाहरण सविस्तर देते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

'करंजे व्हिलेज' ही कविता अशी सुरू होते की सफाईवाल्यानं सांगितलं, करंज्यात देऊळ आहे, सोन्याच्या छताचं. कवी जातो तर त्याला दिसतात डुकरं, गिधाडं, टेकडीवरचे थडग्यांचे दगडांचे ढीग, धूळ, खेचरं, भीक मागणारी नागडी पोरं, दारिद्र्यातली म्हातारी माणसं. आणि मग खारपड माळावर दगडांच्या ढिगाशेजारी एकटाच एक छोटा दगडाचा विष्णू, काहीही न करता नुसता असलेला, जो त्याला 'एकटा ये' असं सांगतो. शेवटी तो विचारतो की मला जगातलं कमी कमी हवंसं होत चाललंय हे माझ्या प्रियेला सांगू का, तिला ते समजेल का. फार सुंदर कविता आहे, माझ्या टीवायच्या मुलांना मी ती दरवर्षी वाचून दाखवते, सिलॅबसमध्ये नसली तरी.

आता ही कविता नीरेकडच्या माणसानं वाचली की काय होतं बघा. नीरेपासून जवळच बारामती तालुक्यात करंजे आहे, तिथं सोमेश्वराचं देऊळ आहे, श्रावणी सोमवारी केवढी जत्रा भरते ते आमच्या भागात कुणालाही विचारा. कवितेतलं करंजे तेच असणार असं मला वाटतं, पण वाटणं पुरेसं नाही, ते त्याच्या पत्रांच्या तारखांवरून आणि बटालियनच्या वॉर डायरीवरून, म्हणजे रोजच्या हालचालींच्या नोंदवहीवरून, ताडून बघायला हवं, आणि वॉर डायऱ्या लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये असतात. मग सोन्याचं छत. आमच्याकडं देवळावर सोनं म्हटलं की डोळ्यासमोर कळसच येतो. आणि माळावरचा विष्णू? आमच्या माळावर, बांधावर, दगडांच्या ढिगापाशी जो देव बसलेला असतो तो म्हसोबा असतो, बिरोबा असतो, मारुती असतो, कधी नुसता शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड, असतो. गावाबाहेर एकटा विष्णू मी तरी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. मग त्याला विष्णू कुणी सांगितलं, का त्यानं स्वतः ठरवलं, मसुद्यात आधी दुसरं काही होतं आणि मग खोडलंय का? हे फक्त कागद बघून कळेल, आणि कागद बघणाऱ्याला म्हसोबा माहीत असेल तरच हा प्रश्न सुचेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो सफाईवाला. मला या कवितेत सगळ्यात जास्त तोच छळतो. १९४३ साली फौजेच्या छावणीत सफाईचं काम करणारा माणूस बहुतेक कुठल्या समाजाचा असणार हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० ला सुरू झाला होता, मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा यायला १९४७ उजाडलं. म्हणजे ज्या माणसानं गोऱ्या साहेबाला देवळाच्या सोन्याचं कौतुक सांगितलं त्याला स्वतःला त्या देवळात पाऊल ठेवता येत होतं का? का त्यानं ते सोनं लांबूनच पाहिलं होतं, उन्हात चमकताना? लुईसला हे कळलं होतं का, त्याच्या एखाद्या पत्रात त्या माणसाचं नाव आहे का, एखादी ओळ तरी? कवितेच्या पहिल्या ओळीत उभा असलेला हा माणूस, आणि तो कोण हा प्रश्न विचारणारं माझ्या वाचनात अजून तरी कुणी आलेलं नाही.

हे झालं एकाच कवितेचं. 'द पेझंट्स' घ्या, बाराच ओळींची कविता, तळ्याकाठी बैलांमागं अनवाणी गाणं म्हणत चाललेला एक बुटका माणूस, रस्त्यावर खडी फोडणाऱ्या, डोक्यावर ओझी घेऊन ताठ चालणाऱ्या बायका, त्यातली एखादी पोटुशी, आणि मग फरफटत जाणारे सैनिक, आणि शेतकरी त्यांना मरताना बघतायत. लुईसची बटालियन खडकवासल्याला होती, तिथं तळ्यावर समुद्रातून उतरून हल्ला करायचं ट्रेनिंग चालायचं, त्यासाठी 'एचएमएस अँगोस्टुरा' नावाचं एक नकली जहाज तळ्याच्या उत्तर काठावर बांधलेलं होतं आणि पुढं तीच जागा एनडीएला, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला, मिळाली. कवितेतलं तळं तेच असेल तर तो बैलांमागचा माणूस काय गात होता? नांगर होता का मोट होती? मोटेवरची गाणी वेगळी, पेरणीची वेगळी, मळणीची वेगळी, आणि ती गाणी गोळा करून ठेवणारे लोक महाराष्ट्रात आहेत, पुस्तकं आहेत. ते तळंही तेव्हाचं राहिलं नाही, १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या लोंढ्यात खडकवासल्याचं धरण फुटलं. ज्यांनी ते जुनं तळं पाहिलंय अशी माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत.

मग पुणं. १९४३ च्या सुरुवातीला फुटबॉल खेळताना लुईसचा जबडा मोडला, त्याला पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात आणलं, वर आमांश झाला, बरेच दिवस तो तिथं पडून होता. 'इन हॉस्पिटल : पूना' मध्ये तो रात्री जागा आहे आणि त्याला सगळं वेल्स दिसतंय, प्लिनलिमन, कॅडर इड्रिस, एरीरी हे डोंगर, कार्डिगनची हिरवी लाट, आणि ती लहानशी बिननावाची खाणीची दरी. ही कविता वाचताना मला दर वेळी वाटतं की या माणसाच्या खाटेपासून काही मैलांवर आगाखान पॅलेसमध्ये त्याच सुमारास गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपास चालला होता, १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३, अख्खं पुणं श्वास रोखून होतं, आणि गोऱ्या सैनिकांच्या वॉर्डात त्याचं काय चाललं होतं? परिचारिका काय बोलत होत्या, झाडूवाले काय बोलत होते? नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा, आणि तिथं १९४३ मध्येच क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहात होतं. बटालियन फिरत होती ती अशा मुलखात. हे त्याच्या पत्रांत कुठं आलंय, सेन्सॉरच्या धाकानं कुठं गाळलंय, कुठं आडून आलंय, हे वाचायला केसरी आणि सकाळच्या त्या महिन्यांच्या फायली शेजारी उघडून ठेवाव्या लागतील, मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या गृह खात्याच्या फायली बघाव्या लागतील. 'द मराठा घाट्स' मध्ये तो आमच्या देवांना दुष्ट आणि पुजाऱ्यांना दात काढणारे म्हणतो, आणि त्याच कवितेत पाठीवर सूर्य ओढणाऱ्या कुणब्यांबद्दल जे लिहितो ते काळजाला भिडतं. मला त्याची बाजू घ्यायची नाही की त्याला झोडपायचंही नाही. खाणकामगारांच्या दरीतून आलेल्या माणसाची नजर आणि साम्राज्याच्या अधिकाऱ्याची नजर एकाच ओळीत कशी बसली ते नीट वाचलं गेलं पाहिजे एवढंच.

आता पैशांचं बोलते, कारण पत्र त्यासाठीच आहे.

मला माहितीये दिवस वाईट आहेत. रिसर्च कौन्सिलनंच जाहीर केलंय की वर्षाला ४२५ च्या आसपास असलेल्या डॉक्टरेटच्या जागा २०२९-३० पर्यंत ३०० वर आणणार. विद्यापीठांत विभाग बंद व्हायच्या बातम्या येतात. अशा वेळी प्रत्येक जागा मोलाची, म्हणूनच ती कशी लिहिली जाते, जाहिरातीत पात्रता काय टाकली जाते, त्याला फार महत्त्व आहे. कोलॅबोरेटिव्ह डॉक्टोरल अवॉर्ड ही तुमची पद्धत मला फार आवडते, म्हणजे एक मार्गदर्शक विद्यापीठाचा आणि एक लायब्ररीचा किंवा म्युझियमचा, विद्यार्थी पुस्तकांसोबत कागदांवर हात ठेवून शिकतो, कॅटलॉग करायला शिकतो. लुईसच्या कागदांना हीच पद्धत योग्य आहे. फक्त त्यात तिसरा मार्गदर्शक महाराष्ट्रातला घ्या, पुण्यातला असो, कोल्हापूरचा असो, इंग्रजीचाच हवा असंही नाही, ग्रामीण इतिहासाचा किंवा लोकसाहित्याचा असेल तर उलट जास्त बरं.

आणि विद्यार्थी इथला येऊ शकेल असं करा. २०२१ पासून तुमच्याकडं परदेशी विद्यार्थ्यांना पूर्ण स्टुडंटशिप, म्हणजे फी आणि राहण्या-जेवणासाठी स्टायपेंड, मिळू शकते, जागांच्या ३० टक्क्यांपर्यंत, तिथल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या फीमधला फरकही त्यांच्याकडून घेता येत नाही, हे फार चांगलं झालं. २०२५-२६ चा स्टायपेंड वर्षाला २०,७८० पौंड होता, काटकसरीनं राहणाऱ्याला तेवढा ॲबरिस्टविथसारख्या गावात पुरेल असं वाटतं. अडचण त्याच्या आधीची आहे. व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्य सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची रक्कम, भरावा लागतो, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम, म्हणजे चार वर्षांचा कोर्स धरला तर तीन हजार पौंडांच्या वर, वर व्हिसाची फी, विमानाचं तिकीट, इंग्रजीची परीक्षा. पहिला स्टायपेंड हातात पडायच्या आधी चार लाखांच्या वर रुपये उभे करायचे. माझी एक विद्यार्थिनी, वडिलांची दीड एकर ऊस-शेती, अशाच एका दुसऱ्या प्रोजेक्टला अर्ज करणार होती, प्रपोजल लिहून झालं होतं, चांगलं लिहिलं होतं, आणि हा हिशेब केल्यावर तिनं अर्ज भरलाच नाही. त्या विद्यापीठाला मी ईमेल केला की ही रक्कम आगाऊ देता येईल का, तर उत्तर आलं की विद्यार्थ्यानं स्वतः बघायचं. मला राग आला नाही, वाईट वाटलं, कारण म्हसोबा आणि विष्णू यातला फरक तिला शिकवावा लागला नसता. कृपा करून हा खर्च स्टुडंटशिपमध्येच धरा आणि आधी द्या, नंतर बिलं घेऊन परत द्यायची पद्धत आमच्या मुलांच्या कामाची नाही.

समजा वेल्सचाच विद्यार्थी निवडला, तरी माझी तक्रार नाही. पण मग त्याला मराठी शिकायला वेळ आणि पैसे द्या. वेल्श लेखकावर काम करायचं तर वेल्श येणं चांगलं हे तुम्ही मानता, त्यासाठी मदत करता, तसंच पुण्यातल्या कवितांवर काम करणाऱ्याला मराठी येणं चांगलं हे माना. त्याला निदान एक हंगामभर इकडं पाठवा, नीरा, करंजे, खडकवासला, पुण्याचं कॅम्प, आणि सोबत इथल्या एखाद्या एमएच्या मुलाला रीतसर मानधन देऊन घ्या, फुकट मदतनीस म्हणून नको, प्रबंधात नावानिशी. १९४३ मध्ये आठ-दहा वर्षांचे असलेले आजोबा-आज्या आज नव्वदीला टेकलेत. गोऱ्या शिपायांची छावणी कुठं होती, खेचरं कुठं चरायची, बिस्किटं कोण वाटायचं, हे त्यांच्याकडून ऐकायचं असेल तर ते आत्ताच, प्रोजेक्टच्या तिसऱ्या वर्षात नाही.

लायब्ररीला एक वेगळी विनंती. लुईस जाऊन सत्तर वर्षं कधीच उलटली, छापलेल्या कवितांचा प्रश्न नाही. पण तुमच्या कायद्यात जुनं न छापलेलं लेखन २०३९ संपेपर्यंत कॉपीराइटमध्ये अडकलेलं आहे, त्यामुळं न छापलेले मसुदे आणि पत्रं सरळ इंटरनेटवर टाकता येत नाहीत हे मी समजते. तेवढ्यासाठी २०३९ पर्यंत थांबायला नको, हक्कदारांशी बोलून निदान नीरा, पुणे, खडकवासल्याच्या महिन्यांतल्या पानांचे स्कॅन पुण्यातल्या एखाद्या विद्यापीठाच्या लायब्ररीत बघायला ठेवण्याची परवानगी घ्या. ती परवानगी मिळवणं हाच पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या कामाचा भाग करता येईल. २०२४ हे वर्ष वेल्स सरकारनं 'वेल्स इन इंडिया' म्हणून साजरं केलं, तेव्हा दोन्हीकडच्या कलेच्या, शिक्षणाच्या संबंधांबद्दल बरंच बोललं गेलं. त्याला पुढं न्यायचं तर यापेक्षा सोपा आणि खरा धागा मला तरी दिसत नाही, कविता आधीच लिहून ठेवलेल्या आहेत, गावं जागेवर आहेत.

जाहिरात निघाली तर आमच्या कॉलेजच्या बोर्डावर मी स्वतः लावीन, आसपासच्या कॉलेजांनाही पाठवीन. आणि जो कुणी येईल त्याची राहायची सोय आमच्याकडं होईल, फक्त करंज्याला यायचं तर श्रावण टाळा, जत्रेच्या गर्दीत गावातलं कुणीही दोन मिनिटं बसून बोलायला मोकळं नसतं. ऊसतोडीच्या आधी, दिवाळी झाल्यावर या, तेव्हा म्हातारी माणसं दुपारची पारावर भेटतात.

आपली,
नीराकाठची एक इंग्रजीची शिक्षिका